गराजमधला पिवळा ट्रॅक्टर

मंडळी, गेले चार वीकांत इथे काही लिहिलं नाही. कारण एकच, गराजमधला एक पिवळा-पांढरा प्राणी. वय वर्षं साठच्या पुढे, वजन आमच्या घरातल्या सगळ्या माणसांचं मिळून होईल त्याच्या कितीतरी जास्त, आणि अंगाला सतत पेट्रोल-ग्रीसचा वास. बायकोचं म्हणणं, "ऑफिसात लेगसी कोड कमी पडला का?" प्रश्न रास्त आहे.

तर झालं असं. आम्ही इलिनॉयमध्ये गावाबाहेर दीड एकराच्या जागेवर राहायला गेलो. दीड एकर म्हणजे साठ गुंठे. आमच्या गावाकडे, कऱ्हाडच्या पुढे, साठ गुंठ्यांत ऊस लावला तर घराला वर्षभर पुरेल एवढी चर्चा तरी नक्की निघते. इथे त्या साठ गुंठ्यांत आहे निव्वळ गवत! आणि ते एप्रिल ते ऑक्टोबर दर आठवड्याला कापायचं. ढकलायच्या मशीनने पहिला उन्हाळा काढला आणि कंबर धरून शरण गेलो. त्याच सुमारास पलीकडच्या गल्लीतले एक साठी ओलांडलेले गृहस्थ घर विकून फ्लॅटमध्ये जाणार होते. त्यांच्या शेडमध्ये १९६२ सालचा कब कॅडेट होता. वडिलांनी नवा घेतलेला. किंमत त्यांनी इतकी कमी सांगितली की मलाच लाज वाटली. अट एकच, "ही वहीसुद्धा घेऊन जा."

वहीबद्दल पुढे सांगतोच. आधी हा प्राणी मुळात आला कुठून ते सांगतो, कारण ते शोधताना मी शिकागोतून थेट कांदिवलीला पोचलो.

हिरवळ कापायचं यंत्र इंग्लंडचं. १८३० मध्ये ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्राउडजवळ एडविन बडिंग नावाच्या माणसाने त्याचं पेटंट घेतलं. त्या भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या आणि कापडावर उठलेली लव कापायला फिरत्या पात्यांची यंत्रं असत. बडिंगने तीच कल्पना गवतावर वापरली. मोठ्या बागांत पुढे ही यंत्रं घोडे ओढायला लागले, आणि टापांचे ठसे हिरवळीवर उमटू नयेत म्हणून घोड्यांना चामड्याचे बूट घालत (मला ऑफिसात सूट घातल्यावर जसं वाटतं तसंच त्या घोड्यांना वाटत असणार). मग वाफेची यंत्रं आली, मग पेट्रोलची. पण ही सगळी निव्वळ गवत कापायची यंत्रं. माझ्या गराजमधला प्राणी त्या घराण्यातला नाही. त्याचं घराणं शेतातलं.

अमेरिकेत १९१६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या बेंजामिन ग्रेव्हली यांनी एका मोटर-नांगराचं पेटंट मिळवलं. हे गृहस्थ व्यवसायाने फोटोग्राफर. घरामागची बाग हाताने खुरपायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी मोटारसायकलचे भाग घेऊन मागून चालत हाकायचा छोटा नांगर बनवला. मोटारसायकल 'इंडियन' कंपनीची, आपल्या इंडियाशी काही संबंध नाही! दुसऱ्या महायुद्धानंतर अशी 'मागून चालायची' यंत्रं खूप निघाली, आणि साहजिकच पुढचा प्रश्न आला, चालायचं कशाला, बसूया की. इंडियानातल्या साउथ बेंडमध्ये पाँड कुटुंबाने १९४६ पासून छोटे ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. नाव ठेवलं 'व्हील हॉर्स'. गाडीच्या चाकांना सगळ्यात जवळ जुंपलेल्या घोड्याला व्हील हॉर्स म्हणतात, खरा भार तोच ओढतो.

हे सगळं त्याच काळात का झालं? कारण लोक शेतं आणि शहरं दोन्ही सोडून उपनगरांत निघाले होते. न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाउन १९४७ पासून उभं राहिलं, आणि तिथल्या करारात हंगामात दर आठवड्याला गवत कापलंच पाहिजे अशी अट होती. (आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना हे कळू देऊ नका.) तिथले प्लॉट लहान, त्यांना ट्रॅक्टर नको होता. पण त्यापलीकडे, हायवेच्या कडेला, एक-दोन एकरांवर घर बांधणारे लोक वेगळे होते. शेतावर वाढलेले आणि आता कारखान्यात किंवा ऑफिसात नोकरी करणारे. त्यांना गवत कापायचं होतं, बर्फ ढकलायचा होता, मक्याच्या दोन ओळी आणि टोमॅटो लावायचे होते. आणि खरं सांगू का, त्यांना ट्रॅक्टर हवा होता. शेती सुटली तरी स्टिअरिंग सुटत नाही.

शिकागोची इंटरनॅशनल हार्वेस्टर ही तेव्हा शेतीयंत्रांतली बडी कंपनी. १९४७ पासून केंटकीतल्या लुईव्हिलच्या कारखान्यात ते 'फार्मऑल कब' नावाचा लहान ट्रॅक्टर बनवत होते, सुमारे दहा अश्वशक्तीचा, छोट्या शेतकऱ्यांसाठी. कब म्हणजे बछडा. छोटी शेतं कमी होत चालली तशी त्या बछड्याला गिऱ्हाईकं कमी होऊ लागली. तेव्हा त्याच कारखान्यात १९६० च्या अखेरीस त्याचाही धाकटा भाऊ निघाला, कब कॅडेट. सात अश्वशक्तीचं एका सिलिंडरचं कोहलर इंजिन, पुढे जायला तीन गिअर आणि मागे यायला एक, अडतीस इंची कापणीचा डेक. गिअरबॉक्स मात्र फार्मऑल कबवरच बेतलेला. म्हणजे गवत कापायच्या यंत्रात शेतातल्या ट्रॅक्टरचे दात! १९६३ पर्यंत या पहिल्या मॉडेलचे पासष्ट हजारांच्या आसपास नग बनले. १९६३ मध्ये जॉन डिअर आपला ११० घेऊन उतरली आणि मग घरोघरी ट्रॅक्टरचं युगच सुरू झालं.

कोहलर हे नाव वाचून तुम्हाला बाथरूम आठवलं असेल तर बरोबर आहे. विस्कॉन्सिनची तीच नळ-बेसिनवाली कंपनी!

आता कांदिवली. आमच्या अण्णांचा, म्हणजे थोरल्या काकांचा, लाल ट्रॅक्टर होता, बी-२७५. लहानपणी 'बी टू सेवंटी फायु' हे सगळं गाव एका दमात म्हणायचं, मला ती ट्रॅक्टरची जातच वाटायची. हा ट्रॅक्टर मूळचा इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या इंग्लंडमधल्या शाखेचा. १९६३ मध्ये महिंद्र अँड महिंद्र, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि बी-२७५ मुंबईत बनू लागला. पुढे १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. म्हणजे अण्णांचा लाल ट्रॅक्टर आणि माझा पिवळा, दोघांचं आडनाव एकच. व्हिडिओ कॉलवर अण्णांना दाखवला. बराच वेळ चष्मा वर-खाली करून बघत होते. मग म्हणाले, "आरं, ह्ये तर वासरू हाय. एअर क्लीनर उघडून बघितलास का आधी?"

नव्हता बघितला.

इथे त्या वहीकडे येतो. साधी, रेघांची, कडा तेलकट झालेली. पहिली नोंद मे १९६२ ची. तारीख, तास, काम. तेल बदललं. पॉइंट साफ केले. पातं काढून धार लावली. ग्रीस. शाई बदलते, १९८० च्या दशकात अक्षर बदलतं (वडिलांच्या जागी मुलगा), पण रकाने तेच. इंजिन तेल पंचवीस तासांनी, त्यात कुठेच चूक नाही. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, इतकं प्रामाणिक डॉक्युमेंटेशन मी एकाही प्रोजेक्टमध्ये पाहिलेलं नाही. माझंसुद्धा धरून.

वही वाचता वाचता मशीन कळत गेलं. स्टार्टर आणि डायनॅमो एकच आहे, इंजिन चालू करतो तोच मग बॅटरी चार्ज करतो. इंजिन हवेवर थंड होतं, म्हणून पत्र्याच्या आवरणाखालचे पंखे आणि फिन्स मोकळ्या हव्यात. वहीत जवळजवळ दर वसंतात एक शब्द आहे, 'उंदीर'. मला वाटलं काहीतरी टोपणनाव असेल. पत्रा उघडला तर खरंच घरटं निघालं, गवत, कापूस आणि आमच्याच गराजमधल्या जुन्या उशीचा फोम. तसंच चालू केलं असतं तर इंजिन आतल्या आत भाजून निघालं असतं. पॉइंटमधलं अंतर वीस हजारांश इंच, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. फिलर गेज घेऊन बसलो तेव्हा बजाज चेतक आठवली. तिरकी करून, प्लग काढून, बाबा पायजम्याला पुसायचे. तेवढ्या शिकवणीवर मी अमेरिकेत ट्रॅक्टर चालू केला!

सगळ्यात जास्त छळलं ते पेट्रोलने. वही सुरू झाली तेव्हाच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं, आताच्यात साधारण दहा टक्के असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि जुन्या रबराला जाचतं. यंत्र रोज चालत असेल तर फारसं बिघडत नाही, पण हे यंत्र नोव्हेंबर ते एप्रिल झोपतं. तेवढ्या काळात टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत त्याचा चिकट राळेसारखा थर बसतो, आणि वसंतात तुम्ही किल्ली फिरवत राहता. (भारतात आता वीस टक्क्यांचं पेट्रोल आलंय. वर्षातून चार महिने झाकून ठेवलेली जुनी स्कूटर असेल तर हा परिच्छेद परत वाचा.) म्हणून थंडीआधी टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करायचे. तेल गरम असताना बदलायचं, म्हणजे तळाचा गाळ त्याच्याबरोबर निघतो. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकायचं आणि इंजिन हाताने दोनदा फिरवायचं. बॅटरी घरात. डेकच्या पोटाला चिकटलेलं गवत खरवडून काढायचं, नाहीतर ते ओल धरतं आणि पत्रा खातं. आणि पात्याजवळ हात घालायच्या आधी प्लगची वायर काढून बाजूला बांधायची, कारण पातं हाताने फिरलं की इंजिनही फिरतं आणि एक ठिणगी पुरते.

ठेवायचं कुठे, हाही विचार करायला हवा. इथल्या गराजमध्ये पाण्याचा गॅस हीटर जमिनीपासून अठरा इंच उंच चौथऱ्यावर का असतो, हे मला इतकी वर्षं राहून माहीत नव्हतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत पसरते आणि ज्योत खाली असेल तर तिथवर पोचते. ते कळल्यावर ट्रॅक्टरची रवानगी मागच्या शेडमध्ये झाली. आता गराजमध्ये येतो तो दुरुस्तीपुरता, तोही टाकी रिकामी करून.

हे सगळं आमच्याकडे खंडेनवमीला जुळून येतं. ऑक्टोबरमध्ये लॅपटॉप, पाने, स्क्रू ड्रायव्हर आणि पिवळ्या ट्रॅक्टरला हळदकुंकू, आणि त्यानंतरच्या वीकांताला तेलबदल. अण्णांचंही असंच होतं. ते म्हणायचे, फुलं वाहायच्या आधी डिपस्टिक बघा.

असो. आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती.

वहीत १९६८ च्या जूनपासून पुढे पूर्ण उन्हाळा कोरा आहे. त्याआधी आणि त्यानंतर एकही महिना सुटलेला नाही. शेवटची नोंद अर्धी, फक्त तारीख. मग एकदम नोव्हेंबर, 'डेक काढला.' पुढची तीन वर्षं फक्त बर्फ आणि नांगर, गवत कापल्याची एकही नोंद नाही. मला वाटलं आजारपण असेल, किंवा दुसरं मशीन घेतलं असेल. एकदा त्या गृहस्थांकडे डेकची एक कप्पी मागायला गेलो होतो, तेव्हा सहज विचारलं.

ते म्हणाले, "मी सहा वर्षांचा होतो. वडिलांच्या मांडीवर बसून फिरायचो, दर शनिवारी. त्या दिवशी चाक एका खड्ड्यात गेलं."

एवढंच. मग त्यांनी डाव्या बुटाकडे बोट केलं. दोन बोटं नाहीत. इतके दिवस शेजारी राहून मला ते थोडे लंगडतात हेही नीट लक्षात आलं नव्हतं. वडिलांनी पुन्हा कुणाला मांडीवर घेतलं नाही, आणि त्याबद्दल बोललेही नाहीत, म्हणाले. डेक परत चढवला तो यांच्या थोरल्या भावाने.

घरी आलो आणि फोन उघडून एक फोटो पाहिला. ट्रॅक्टर घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यातला. मी सीटवर, माझी आठ वर्षांची मुलगी माझ्या मांडीवर, दोघं हसतोय. डेक लावलेला आहे. पातं फिरतंय की नाही ते फोटोत कळत नाही. मला आठवतंय, फिरत होतं.

मी मडगार्डवर बसून वाढलो. बी-२७५ च्या मोठ्या चाकाच्या मडगार्डवर एका हाताने धरून, पाय लोंबकळत, शेतातून घरी. अख्ख्या गावातली पोरं तशीच वाढली. आम्हाला काही झालं नाही, हे वाक्य मीही कितीदा म्हटलंय. ज्यांना झालं ते हे वाक्य म्हणायला आपल्यासमोर नसतात, एवढंच.

अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांची संघटना वर्षानुवर्षं सांगते आहे की बसायच्या मशीनवर मुलांना सोबत घेऊ नका, आणि सोळा वर्षांखालच्या मुलाला ते चालवू देऊ नका. गवत कापायच्या यंत्रांनी इथे दरवर्षी हजारो मुलं जखमी होतात. कायदाही हळूहळू आला. १९८२ पासून मागून चालायच्या मशीनचं हँडल सोडलं की तीन सेकंदांत पातं थांबलं पाहिजे असा केंद्र सरकारचा नियम आहे. बसायच्या ट्रॅक्टरसाठी मात्र उद्योगानेच स्वतः ठरवलेले मापदंड आहेत. त्यातून सीटखालचा स्विच आला, पातं चालू असताना उठलात की इंजिन बंद. नंतर मागे जाताना पातं थांबवणारी सोयही आली, कारण मागे काय आहे ते दिसत नाही आणि मुलं नेमकी मागून धावत येतात. लोक वैतागून हे स्विच वायर जोडून निकामी करतात. करू नका हो.

पण लक्षात घ्या, सीटच्या स्विचने त्या सहा वर्षांच्या मुलाला वाचवलं नसतं. सीटवर वडील बसलेलेच होते. त्याला फक्त 'नाही' हा शब्द वाचवू शकला असता.

तरीही स्विच बसवला. माझ्या ट्रॅक्टरला तो नव्हताच. इथे एक मजेशीर गोष्ट कळली. मॅग्नेटो इग्निशन असेल तर इंजिन बंद करायला ठिणगी जमिनीला जोडावी लागते, म्हणजे स्विचची वायर तुटली तर इंजिन बंदच होत नाही. माझ्या इंजिनाला मात्र बॅटरीतून कॉइलला वीज जाते. स्विच त्या वाटेतच बसवला, त्यामुळे वायर तुटो, सुटो, उंदराने खाओ, इंजिन थांबतं. बिघडलं तर सुरक्षित बाजूला बिघडावं, हे आम्ही कोडमध्ये लिहायची नुसती चर्चा करतो. पहिल्या दिवशी खड्ड्यात उडालो की इंजिन झटके द्यायचं, मग अर्ध्या सेकंदाचा उशीर देणारा रिले घातला. आणि हे माहीत असू द्या की इंजिन बंद झालं तरी माझ्या डेकची पाती लगेच थांबत नाहीत, काही क्षण फिरत राहतात.

ट्रॅक्टरचं घराणं पुढे असं झालं. १९७९-८० मध्ये हार्वेस्टरमध्ये १७२ दिवसांचा संप झाला, कंपनी कर्जात रुतली आणि १९८१ मध्ये कब कॅडेट एमटीडीला विकला गेला. २०२१ मध्ये एमटीडीही स्टॅनली ब्लॅक अँड डेकरकडे गेली. आज मोठ्या दुकानांत मिळतात त्यांतले बरेचसे 'लॉन ट्रॅक्टर', गवत कापायला उत्तम, पण नांगर लावला तर गिअरबॉक्स हात टेकेल. 'गार्डन ट्रॅक्टर' हा शब्द ज्या मशीनला खरा शोभतो ती कमी झाली. हार्वेस्टरची शेतीयंत्रंही १९८५ मध्ये विकली गेली. आणि कांदिवलीत तिचा बी-२७५ बनवणाऱ्या महिंद्रने १९९४ मध्ये अमेरिकेत ट्रॅक्टर विकायला कंपनी काढली. अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग? आपला हायेच तसा."

मुलीला सगळं सांगितलं. आठ वर्षांच्या मुलीला जेवढं सांगता येतं तेवढं, बोटांसकट. ती दोन दिवस रुसली. मग आमचा करार झाला. डेक खाली उतरवलेला, प्लगची वायर काढलेली, किल्ली माझ्या खिशात, ट्रॅक्टर शेडमध्ये उभा, अशा वेळी सीट तिची. गिअर टाकते, क्लच दाबते (पाय पुरत नाही, घसरून टेकवते), तोंडाने आवाज काढते. वायर जोडताना स्विच दाबून धरायचं कामही तिचंच होतं.

आणि वहीत आता तिसरं अक्षर सुरू झालंय. गेल्या शनिवारची नोंद तिने इंग्रजीत केली, मराठीत सांगायचं तर: तेल बदललं, उंदीर नाही. तासांचा रकाना रिकामा ठेवलाय, मला विचारून भरणार आहे.